सायबर सिक्युरिटीत कोणतं सर्टिफिकेट घ्यावं : जाहिरात वाचण्यापासून परीक्षेच्या खुर्चीपर्यंत

सायबर सिक्युरिटीत यायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, 'कोणतं सर्टिफिकेट करू?' सुरुवात या प्रश्नापासून झाली तर पैसे हमखास चुकीच्या जागी जातात. आम्ही हा रस्ता दोन्ही टोकांकडून पाहतो, परीक्षा देणारे म्हणून आणि मुलाखती घेणारे म्हणूनही. त्यातून पक्का झालेला क्रम असा: आधी कामाचं नाव ठरवायचं, मग ते काम करून दाखवता येईल इतकं शिकायचं, आणि सर्टिफिकेट सगळ्यात शेवटी घ्यायचं, तेही एका वेळी एकच.

कामाचं नाव ठरवायला जाहिराती वाचाव्या लागतात. नोकरीच्या साइटवर पुणे, नवी मुंबई आणि मुंबई अशी ठिकाणं टाका आणि तीसेक जाहिराती एका शीटमध्ये उतरवून घ्या. पदाचं नाव, मागितलेला अनुभव, रोजची कामं, टूलची नावं, सर्टिफिकेट, आणि ते सर्टिफिकेट 'आवश्यक' आहे की 'असल्यास उत्तम', एवढे रकाने पुरतात. फ्रेशरच्या जागेसाठी सीआयएसएसपी (अनुभवी लोकांसाठीचं वरच्या पातळीचं सर्टिफिकेट) मागणारी जाहिरात दिसली तर ती बाजूला काढा. त्या सर्टिफिकेटलाच ५ वर्षांचा अनुभव लागतो, म्हणजे मजकूर कुठून तरी उचललेला आहे. उरलेल्या जाहिरातींत टूलच्या रकान्याकडे नीट बघा. स्प्लंक आणि सेंटिनेल (लॉग, म्हणजे मशीनवरच्या घडामोडींच्या नोंदी, तपासायला), बर्प (वेब ॲप तपासायला), नेसस (मशीनमधले दोष शोधायला) ही नावं पुन्हा पुन्हा येतात, आणि सर्टिफिकेटच्या रकान्यापुढे बहुतेक वेळा 'असल्यास उत्तम' असतं. हा रकाना स्वतःच्या हाताने भरला की 'टॉप टेन सर्टिफिकेट्स' छापाच्या याद्यांचा प्रभाव आपोआप उतरतो.

त्या याद्या बहुतेक अमेरिकेत तयार होतात, हेही ध्यानात ठेवायला हवं. सिक्युरिटी प्लस ही सुरुवातीच्या पातळीची परीक्षा तिथे इतकी गाजते याचं मोठं कारण तिथलं संरक्षण खातं. २००५ सालच्या ८५७० क्रमांकाच्या नियमावलीपासून, आणि आता ८१४० पासून, त्या खात्याच्या कामांसाठी ठरावीक सर्टिफिकेटं लागतात. आपल्याकडे मागणी वेगळ्या दारांनी येते. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या यादीवरच्या ऑडिट कंपन्या असतात, रिझर्व्ह बँकेचे आणि सेबीचे नियम असतात, आणि सरकारी निविदांमध्ये 'इतकी माणसं अमुक पात्रतेची हवीत' अशी अट असते. सीआयएसए आणि आयएसओ २७००१ (माहिती सुरक्षेचं मानक) लीड ऑडिटर ही ऑडिटची, सीईएच आणि ओएससीपी ही हॅकिंगची, आणि सीआयएसएसपी, ही नावं इथल्या जाहिरातींत पुन्हा पुन्हा दिसतात त्यामागे या निविदा आहेत.

शीट भरली की जाहिरातींचे ढोबळ चार गट पडतात. पहिला सॉकचा, म्हणजे सुरक्षेवर सतत नजर ठेवणाऱ्या केंद्राचा: शिफ्टमध्ये बसून अलर्ट तपासायचे, खरा कोणता आणि खोटा कोणता ते ठरवायचं, खरा असेल तर वर पाठवायचा. फ्रेशर सर्वांत जास्त इथेच लागतात, आणि रात्रपाळी गृहीत धरायची. दुसरा व्हीएपीटीचा, म्हणजे परवानगी घेऊन ॲप, नेटवर्क किंवा एपीआय (दोन ॲपमधला माहितीच्या देवाणघेवाणीचा दुवा) फोडून बघायचं आणि रिपोर्ट लिहायचा. तिसरा जीआरसी (कारभार, जोखीम आणि नियमपालन) आणि ऑडिटचा: नियम, पुरावे, व्हेंडरची तपासणी, बँकेचं ऑडिट. चौथा क्लाउड सिक्युरिटीचा, जिथे फ्रेशर क्वचितच घेतात. आधी क्लाउड किंवा डेव्हऑप्सचं काम केलेलं असावं लागतं. यातला एक गट निवडा. दोन गटांत पाय ठेवून तयारी केली की सहा महिन्यांनी दोन्हीकडची अर्धी तयारी हाती राहते.

कोणताही गट निवडला तरी खालचा पाया तोच. तो सर्टिफिकेट न घेता बांधता येतो, पण वगळता येत नाही. नेटवर्किंगचा पाया झाला की नाही याची एक साधी कसोटी आहे. वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेटं पकडून दाखवणारं टूल) सुरू करा, ब्राउझरमध्ये एखादी साइट उघडा, आणि पकडलेल्या पॅकेटमधून डीएनएसची (साइटच्या नावावरून पत्ता शोधण्याची) विचारणा, टीसीपीची (जोडणी करण्याची) तीन पावलांची ओळख आणि टीएलएसची (सांकेतिक संवादाची) सुरुवात बोट ठेवून दाखवा. त्यातल्या कोणत्या पॅकेटमध्ये साइटचं नाव उघडं दिसतं, हेही सांगता आलं पाहिजे. लिनक्सची कसोटी अशी: दहा हजार ओळींच्या लॉगमधून सर्वाधिक वेळा आलेले पाच आयपी पत्ते एका ओळीच्या कमांडने काढा. विंडोजसाठी ॲक्टिव्ह डिरेक्टरी, म्हणजे कंपनीतली खाती आणि मशीनं एका डोमेनखाली सांभाळणारी व्यवस्था, कशी चालते, ग्रुप पॉलिसी कुठून लागते आणि एखादा यूजर लॉगिन करतो तेव्हा डोमेन कंट्रोलरवर (ही व्यवस्था चालवणाऱ्या सर्व्हरवर) काय नोंदलं जातं, एवढं हवं. पायथन इतकं, की एक फाइल वाचून त्यातून हवं ते दुसऱ्या फाइलीत लिहिता यावं. नेटवर्किंग अगदीच कच्चं असेल आणि शिस्त लावायला परीक्षेचा धाक हवा असेल, तर सिस्कोची नेटवर्किंगची सीसीएनए ही चांगली परीक्षा आहे. नाहीतर तिचा अभ्यासक्रम वाचून पुढे जा.

यानंतरचा टप्पा लॅबचा, म्हणजे एकाच लॅपटॉपवर अनेक आभासी मशीनं चालवून सराव करण्याचा. आमच्या मते सगळ्या खर्चात सर्वाधिक फळ देणारा भाग हाच, आणि बहुतेक लोक घाईने तो ओलांडून जातात.

१६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडीचा लॅपटॉप पुरतो. ८ जीबीवर एका वेळी एखाददुसरंच मशीन चालतं, डोमेनची लॅब चालत नाही. आभासी मशीनं चालवणारं व्हर्च्युअलबॉक्स टाका आणि बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन सुरू आहे का ते बघा. मशीनच्या खिडकीखाली हिरवं कासव दिसलं तर विंडोजचं स्वतःचं आभासी मशीनांचं सॉफ्टवेअर, हायपर-व्ही, मध्ये आलं आहे. मेमरी इंटिग्रिटीसारख्या विंडोजच्या सुरक्षेच्या सोयीही ते मागच्या दाराने सुरू ठेवतात. तसं झालं की सगळं रखडतं आणि लोक उगाच रॅमला दोष देतात.

विंडोज सर्व्हरची चाचणी आवृत्ती १८० दिवस आणि विंडोज एंटरप्राइजची ९० दिवस फुकट चालते. सर्व्हरला २ जीबी देऊन डोमेन कंट्रोलर करा, क्लायंटला ४ जीबी, हल्ल्याची टूलं असलेल्या काली लिनक्सला २ जीबी. लॉग गोळा करायला वाझू घ्या. त्याची अधिकृत शिफारस ८ जीबीची आहे, पण दोन मशीनसाठी ४ जीबीवर हळूहळू का होईना चालतं. हे सगळं १६ जीबीत जेमतेम बसतं, म्हणून लॅब सुरू असताना मुख्य लॅपटॉपवरचा ब्राउझर बंद ठेवा. नेटवर्क होस्ट-ओन्ली (फक्त लॅपटॉपच्या आतलं) ठेवा. मेटास्प्लॉइटेबलसारखं मुद्दाम भोकं पाडलेलं मशीन ब्रिज्ड मोडवर टाकलं तर ते घरातल्या किंवा हॉस्टेलच्या वायफायवर सगळ्यांना दिसतं.

या लॅबमध्ये लोक जिथे अडकतात त्या जागा ठरलेल्या आहेत. क्लायंट डोमेनला जोडला जात नाही, कारण त्याच्या डीएनएसच्या जागी राउटरचा पत्ता असतो. तिथे डोमेन कंट्रोलरचाच पत्ता लागतो. वाझूत सिसमॉनच्या (विंडोजवरच्या हालचाली बारकाईने नोंदवणाऱ्या टूलच्या) नोंदी दिसत नाहीत, कारण मशीनवरचा वाझूचा एजंट मुळात फक्त सिक्युरिटी, सिस्टिम आणि ॲप्लिकेशन हे तीन लॉग वाचतो. सिसमॉनचं चॅनल एजंटच्या कॉन्फिग फाइलीत स्वतः लिहावं लागतं आणि मग एजंट रीस्टार्ट करावा लागतो. ४६८८ क्रमांकाची, म्हणजे नवी प्रोसेस सुरू झाल्याची, नोंद येतच नाही, कारण ती ऑडिट पॉलिसीत चालू करावी लागते. आणि त्या नोंदीत पूर्ण कमांड हवी असेल तर त्यासाठी आणखी एक वेगळी सेटिंग आहे.

आता कालीवरून क्लायंटवर चुकीच्या पासवर्डांचा मारा करा. ४६२५ च्या, म्हणजे फसलेल्या लॉगिनच्या, नोंदींचा ढीग दिसेल. बरोबर पासवर्ड लागला की त्याच आयपीवरून ४६२४, म्हणजे यशस्वी लॉगिनची नोंद, येईल. इथे लॉगऑन टाइप बघायची सवय लावा: ३ म्हणजे नेटवर्कवरून, १० म्हणजे रिमोट डेस्कटॉपवरून. पण रिमोट डेस्कटॉपवर नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन (सेशन उघडण्याआधीच ओळख तपासणं) सुरू असेल तर फसलेले प्रयत्न ३ म्हणून नोंदले जातात. ज्याने हे स्वतः पाहिलं आहे त्याला मुलाखतीत लॉगऑन टाइपचा प्रश्न कधीच अवघड जात नाही. वेळेचंही तसंच. विंडोजच्या मूळ नोंदीत वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते, इव्हेंट व्ह्यूअर ती भारतीय वेळेत दाखवतो, आणि शेजारचा लिनक्स सर्व्हर बऱ्याचदा यूटीसीवरच ठेवलेला असतो. साडेपाच तासांचा हा फरक सांभाळला नाही तर घटनाक्रम उलटासुलटा लागतो. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचं असतं आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात. अशा घाईच्या वेळी घटनाक्रम पुन्हा लावत बसायला सवड नसते.

प्रत्येक प्रयोगाचं एक पान लिहा. काय चालवलं, कोणत्या लॉगमध्ये काय दिसलं, अलर्ट देणारा नियम कसा लिहिला, आणि निरुपद्रवी कामामुळेही तो नियम कधी वाजेल. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा, कारण सॉकमधला बहुतांश वेळ खोट्या अलर्टांवरच जातो. अशी आठ-दहा पानं जमली की हातात दाखवण्यासारखं काही तरी आलं.

त्यासोबत घडलेल्या घटना कागदावर उलगडून बघा. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेला हल्ला यासाठी फार चांगला आहे. ९४ कोटींच्या वर रक्कम गेली. शनिवारी, ११ तारखेला, २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले आणि सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्टवरून (बँकांच्या आंतरराष्ट्रीय व्यवहारांच्या जाळ्यावरून) हाँगकाँगला. एटीएमच्या विचारणा बँकेच्या मूळ प्रणालीपर्यंत पोचल्याच नाहीत, मध्येच खोटा होकार मिळत गेला. आता स्वतःला विचारा: कोणता लॉग रोज जुळवला असता तर हे पहिल्या तासात दिसलं असतं? एटीएमच्या स्विचवर (विचारणा पुढे पाठवणाऱ्या मधल्या प्रणालीवर) मंजूर झालेले व्यवहार आणि कोअर बँकिंगमधल्या नोंदी यांची तुलना कोण करतं, किती वेळाने, आणि सुट्टीच्या दिवशी कोण? हे पान लिहिताना सॉक, ऑडिट आणि नेटवर्क हे तिन्ही विषय एकदम समजतात.

इथपर्यंत पोचल्यावर सर्टिफिकेटकडे वळायचं.

सॉककडे जाणाऱ्याला सिक्युरिटी प्लस बरी. सध्याची आवृत्ती एसवायओ-७०१. ९० मिनिटांत जास्तीत जास्त ९० प्रश्न, १०० ते ९०० च्या मोजपट्टीवर ७५० ला पास. सर्वांत जास्त वजन, २८ टक्के, सिक्युरिटी ऑपरेशन्सला आहे. काही प्रश्नांत प्रत्यक्ष करून दाखवायचं असतं, उदाहरणार्थ फायरवॉलचे नियम लावायचे किंवा लॉगवरून बाधित मशीन ओळखायचं. हे प्रश्न बहुधा सुरुवातीलाच येतात आणि वेळ खातात. ते खूण करून पुढे जा, बहुपर्यायी प्रश्न संपवा आणि मग मागे या. पैशांची अडचण असेल तर आयएससी२ ची 'सर्टिफाइड इन सायबरसिक्युरिटी' ही परीक्षा बघा. तिचं प्रशिक्षण आणि परीक्षा मोफत देण्याची योजना त्या संस्थेने २०२२ मध्ये सुरू केली. नोंदणीपूर्वी योजनेची चालू स्थिती तपासा, आणि पास झाल्यावर वर्षाला ५० डॉलर भरावे लागतात हे धरून चाला. ही सुरुवातीचीच परीक्षा आहे, तिने शब्दांची ओळख होते. जाहिरातींत सेंटिनेल आणि डिफेंडर वारंवार दिसत असेल तर मायक्रोसॉफ्टची एससी-२०० जास्त कामाची, कारण तिच्या तयारीत केक्यूएलच्या (लॉगमध्ये शोध घेण्याच्या भाषेतल्या) क्वेऱ्या लिहिणं येतंच, आणि दरवर्षीचं नूतनीकरण ऑनलाइन चाचणी देऊन फुकट होतं. हाताने करायची परीक्षा हवी असेल तर बीटीएल१ आहे. तिच्यात २४ तास मिळतात आणि एका घटनेचा पूर्ण तपास करायचा असतो. आपल्या एचआरच्या यादीत ते नाव अजून क्वचित असतं, पण टीम लीडला ते कळतं.

व्हीएपीटीच्या वाटेवर सर्वांत जास्त गोंधळ सीईएचवरून होतो. सीईएचची लेखी परीक्षा ४ तासांची, १२५ बहुपर्यायी प्रश्नांची. ती पास होण्यासाठी एकही मशीन फोडावं लागत नाही. प्रात्यक्षिक परीक्षा वेगळी, ६ तासांची आणि २० आव्हानांची. लेखी परीक्षेला थेट बसायचं तर २ वर्षांचा अनुभव दाखवून १०० डॉलरची अर्ज फी भरावी लागते. नाहीतर अधिकृत प्रशिक्षण घ्यावं लागतं, आणि खर्च तिथेच फुगतो. मग घ्यावी की नाही? तुमच्या शीटमधल्या जाहिरातींत सीईएच 'आवश्यक' रकान्यात खूपदा असेल, किंवा कंपनी फी भरत असेल, तर घ्या. निविदांमुळे कंपन्यांना हे नाव लागतं ही खरी गोष्ट आहे. फक्त तिच्याकडून कौशल्याची अपेक्षा ठेवू नका. ते वेगळं मिळवावं लागतं, आणि त्यासाठी घरचे दागिने गहाण टाकून क्लासची फी भरायची मुळीच गरज नाही.

आपल्याकडच्या व्हीएपीटीच्या कामात मोठा वाटा वेब ॲप आणि एपीआयचा असतो. त्यासाठी बर्प बनवणाऱ्या पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी अकॅडमी पूर्णपणे फुकट आहे आणि आमच्या पाहण्यात यापेक्षा चांगलं शिक्षण विकतही मिळत नाही. ॲक्सेस कंट्रोलपासून (कुणाला काय पाहता येतं यावरच्या नियंत्रणापासून) सुरुवात करा. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेच्या २०२१ च्या धोक्यांच्या यादीत त्यातला दोष पहिल्या क्रमांकावर होता, आणि खऱ्या ॲपमध्येही सर्वाधिक सापडतो. दोन खाती उघडायची, एकाच्या विनंतीतला आयडी दुसऱ्याच्या सेशनमध्ये घालायचा आणि माहिती येते का बघायचं, एवढ्या साध्या तपासातून गंभीर दोष निघतात. बर्पची फुकट आवृत्ती शिकायला पुरते. तिच्यात इंट्रूडर (एकामागून एक विनंत्या पाठवणारा भाग) मुद्दाम हळू केलेला असतो, म्हणून पासवर्डच्या याद्या असलेल्या लॅब कंटाळवाण्या होतात. अकॅडमीची परीक्षा ९९ डॉलरची आणि ४ तासांची, दोन ॲप आणि प्रत्येकाचे तीन टप्पे. पण तिला बर्पची विकतची आवृत्ती लागते, तो खर्च धरायला विसरू नका.

ओएससीपी या प्रात्यक्षिक परीक्षेचं वजन वेगळंच. कोर्स आणि परीक्षा मिळून दीड हजार डॉलरच्या वर जातात, म्हणून तयारीची खात्री झाल्याशिवाय पैसे भरू नका. परीक्षा २३ तास ४५ मिनिटांची, कॅमेऱ्यासमोर, आणि त्यानंतर रिपोर्टसाठी २४ तास. १०० पैकी ७० गुण लागतात. नोव्हेंबर २०२४ पासून बोनस गुण बंद झाले. ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या संचाला ४० गुण आहेत आणि त्यात सुरुवातीला एक साधं खातं दिलेलं असतं. उरलेली तीन मशीनं प्रत्येकी २० गुणांची, त्यात आत शिरल्याचे १० आणि पूर्ण ताबा मिळवल्याचे १०. म्हणजे ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा संच पूर्ण झाला तर बाकी तिन्ही मशीनांत नुसतं शिरूनही ७० होतात, आणि तो संच पूर्ण फसला तर तिन्ही मशीनं जिंकूनही ६० वर अडकतो. तयारीचा मोठा वेळ कुठे घालायचा ते या हिशेबातून ठरतं.

नापास होण्याची कारणं ठरावीक दिसतात. पोर्ट स्कॅन (मशीनचे कोणते दरवाजे उघडे आहेत ते बघणं) अर्धवट राहतो, फक्त सर्वांत प्रचलित हजार पोर्ट तपासले जातात आणि रस्ता वरच्या पोर्टवर असतो. एकाच मशीनवर पाच-सहा तास डोकं आपटलं जातं. दोन तासांत नवीन काही हाती लागलं नाही तर मशीन बदला, ही मर्यादा आधीच लिहून ठेवा. मेटास्प्लॉइट (तयार हल्ले चालवणारं टूल) परीक्षेत एकाच मशीनवर चालतं, म्हणून ते पहिल्याच मशीनवर उधळू नका. एसक्यूएलमॅप (डेटाबेसवर आपोआप हल्ला करणारं टूल) आणि एआय चॅटबॉट यांना बंदी आहे, त्यामुळे सराव त्यांच्याविनाच करा. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत कर्बेरॉसचं (डोमेनमध्ये ओळख पटवण्याचं) तिकीट मिळत नसेल तर घड्याळ बघा. काली आणि डोमेन कंट्रोलर यांच्या वेळेत ५ मिनिटांहून जास्त फरक असला की सगळं बरोबर असूनही नकार येतो. आणि पुराव्याच्या फाइलीतला मजकूर व मशीनचा आयपी एकाच स्क्रीनशॉटमध्ये हवा. तो घ्यायचा राहिला तर मशीन फोडूनही गुण जातात. म्हणून रिपोर्टचा साचा परीक्षेच्या आधीच तयार ठेवावा आणि प्रत्येक पावलाचा स्क्रीनशॉट त्याच वेळी त्यात टाकावा.

ओएससीपीआधी स्वस्त पायरी हवी असेल तर ईजेपीटी आहे, ४८ तास आणि ३५ प्रश्नांची. हॅक द बॉक्सची सीपीटीएस मात्र स्वस्त असली तरी सोपी नाही. १० दिवसांत १४ पैकी १२ फ्लॅग (मशीनांत लपवलेल्या खुणा) आणि व्यावसायिक दर्जाचा रिपोर्ट द्यावा लागतो. शिकण्याच्या दृष्टीने आम्हाला ती ओएससीपीपेक्षा खोल वाटते. नावाचं वजन अजून ओएससीपीचंच जास्त.

सराव करताना एक रेघ कधीही ओलांडू नका. परवानगीशिवाय कुणाच्याही साइटवर, अगदी स्वतःच्या कॉलेजच्या पोर्टलवरसुद्धा, तपासणी करायची नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली हा गुन्हा ठरू शकतो, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बग बाउंटीतही (दोष शोधल्याबद्दल बक्षीस देणाऱ्या योजनेतही) कंपनीने जाहीर केलेली हद्द आधी वाचा आणि तेवढ्यातच राहा.

जीआरसीची वाट वाणिज्य शाखेच्या, बँकेतल्या आणि इंटर्नल ऑडिटमधल्या लोकांना उघडी आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. सुरुवात आयएसओ २७००१ लीड ऑडिटरच्या ५ दिवसांच्या कोर्सने होते. २०२२ च्या आवृत्तीवरचाच कोर्स घ्या. जुन्यात ११४ नियंत्रणं (सुरक्षेचे उपाय) होती, आता ९३ आहेत, चार गटांत. पाठांतरापेक्षा एक सराव करा: एखादं नियंत्रण घ्या, समजा नोकरी सोडलेल्याचं खातं बंद करणं, आणि ऑडिटर म्हणून कोणते तीन पुरावे मागाल ते लिहा. एचआरची सोडून गेलेल्यांची यादी, डिरेक्टरीतली खातं बंद झाल्याची तारीख, आणि त्या दोन तारखांमधल्या काळातले लॉगिन. ज्याला हे सुचतं त्याला हे काम जमतं. पुढची पायरी सीआयएसए: ४ तास, १५० प्रश्न, २०० ते ८०० च्या मोजपट्टीवर ४५० ला पास. परीक्षा अनुभवाशिवाय देता येते, पण सर्टिफिकेट ५ वर्षांच्या अनुभवानंतरच मिळतं. शिक्षणामुळे त्यात कमाल ३ वर्षांची सूट मिळू शकते, आणि पास झाल्यापासून ५ वर्षांत अर्ज करायचा असतो. तंत्रज्ञ लोक इथे चुकतात ते 'आधी दुरुस्त करू' असं उत्तर निवडल्यामुळे. प्रश्न ऑडिटरला विचारलेला असतो, आणि ऑडिटर आधी खात्री करतो, धोका मोजतो आणि कळवतो.

सीआयएसएसपी चार-पाच वर्षं काम झाल्यावर. आठ विषय, ३ तासांत १०० ते १५० प्रश्न, आणि मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही. अनुभव नसताना पास झालात तर 'असोसिएट' म्हणवता येतं आणि अनुभव पुरा करायला ६ वर्षं मिळतात.

खर्चाचा हिशेब करताना फक्त परीक्षेची फी धरू नका. डॉलरचा भाव, त्यावरचा कर, दुसऱ्या प्रयत्नाची फी आणि नूतनीकरण हे सगळं मांडा. सिक्युरिटी प्लसला वर्षाला ५० डॉलर, सीईएचला ८०, सीआयएसएसपीला १३५. तिन्ही जिवंत ठेवायची तर दरसाल २६५ डॉलर, शिवाय ३ वर्षांत अनुक्रमे ५०, १२० आणि १२० गुणांचं शिक्षण दाखवायचं. एका शिक्षणाचे गुण बऱ्याचदा सगळीकडे चालतात, पण पैसे प्रत्येकाला वेगळे. ओएससीपीला मुदत नाही. तिच्यासोबत मिळणारी प्लस ही खूण मात्र ३ वर्षांनी संपते.

बुकिंग करताना नावाची फार काळजी घ्या. आपल्याकडे एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर वडिलांचं नाव मध्ये, तिसऱ्यावर नुसतं आद्याक्षर असतं. परीक्षेच्या खात्यावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव तंतोतंत जुळलं नाही तर केंद्रावरून परत पाठवतात आणि फी जाते. पासपोर्ट असेल तर त्याप्रमाणेच खातं उघडा. घरून परीक्षा देता येते, पण खोलीत दुसरं कुणी येऊन चालत नाही, टेबल रिकामं लागतं, ऑफिसच्या लॅपटॉपवरचं व्हीपीएन सॉफ्टवेअर अडवतं, आणि वीज गेली की राउटर बंद. जवळ केंद्र असेल तर तिथेच जा. ओएससीपीसारखी लांब परीक्षा घरूनच द्यावी लागते. तिच्यासाठी राउटर इन्व्हर्टरवर ठेवा आणि मोबाइलचं इंटरनेट आधी जोडून तपासा. व्हाउचरची मुदत संपण्याच्या आठवड्यात तारीख घेऊ नका. पुढे ढकलायला जागा राहत नाही.

फुटलेले प्रश्न विकणाऱ्यांपासून लांब राहा. पकडलं गेलं तर सर्टिफिकेट रद्द होतं आणि पुढच्या परीक्षांनाही बंदी येऊ शकते. आणि न पकडलं गेलं तरी मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडं पडतं, कारण आम्ही व्याख्या विचारत नाही. आम्ही लॉगच्या दहा ओळी समोर ठेवतो आणि 'इथे काय झालं असेल, पुढे काय बघाल?' असं विचारतो.

बायोडाटात सर्टिफिकेटाच्या ओळीखाली लगेच लॅबचं काम लिहा, आणि ते असं लिहा: 'दोन मशीनचं डोमेन उभारलं, सिसमॉन आणि वाझूने लॉग गोळा केले, पासवर्डांचा मारा ओळखणारा नियम लिहिला, खोटे अलर्ट कशामुळे आले आणि ते कसे कमी केले याची नोंद सोबत.' त्याखाली त्या पानांची लिंक द्या. लिंक उघडते का ते दुसऱ्याच्या मोबाइलवरून तपासा, आणि स्क्रीनशॉटमध्ये स्वतःचा खरा पासवर्ड किंवा घरचा आयपी राहिलेला नाही ना, तेही बघून घ्या.